एकसुळ्याची दुहेरी साखळी

हत्तींच्या तळावर तिला सगळे खात्रीमावशी म्हणत. हे नाव कुणी ठेवलं कुणास ठाऊक, पण ते चपखल बसलं होतं. गुळाची ढेप आली की मावशी तुकडा मोडून चाखणार, मिठाचं पोतं आलं की कोपरापर्यंत हात घालून तळ बघणार. चूल स्वतःच्या हातानं विझवून घरी निघाली तरी अर्ध्या वाटेवरून परत येऊन राखेवर हात धरून बघणार. तिची मुलगी शहरातल्या दवाखान्यात नर्स होती. ती फोनवर "जेवले गं आई" म्हणाली की मावशीचा पुढचा प्रश्न ठरलेला असे, "काय जेवलीस?" उत्तराला जरा उशीर झाला की, "म्हणजे नाही जेवलीस."

हा तळ जंगलातून लाकूड ओढून ओढून थकलेल्या हत्तींचा होता. नदीच्या कडेला पत्र्याच्या उंच छपरांची रांग, तिच्या एका टोकाला हत्तींचं स्वयंपाकघर आणि त्याला चिकटून धान्याची खोली. स्वयंपाकघरात माणूस उभा मावेल एवढ्या दोन काहिली होत्या. मावशी त्यात धान्य शिजवायची, गूळ-मीठ घालून फावड्यासारख्या पळीनं घोटायची, आणि निवल्यावर नारळाएवढे गोळे वळून हत्तींच्या तोंडात घालायची. लग्न होऊन ती इथे आली तेव्हा हत्ती दिसला की दाराआड जायची. तिची भीती घालवली ती एका पिल्लानं. आई मेलेलं ते मादी पिल्लू क्षणभर एकटं राहायचं नाही. दुसरं कुणी नसलं की स्वयंपाकघराच्या दारात येऊन मावशीच्या पाठीला सोंड लावून उभं राहायचं. त्याचं नावच सोबतीण पडलं. सोबतीण वाढून डोंगराएवढी झाली तरी मावशीचा आवाज ऐकला की कान पुढे करून गुरगुरायची, आणि गोळा तोंडात घेताना मावशीच्या बोटांना तिचा दात कधी लागला नाही.

मावशीचा नवरा माहूत. त्याला सगळे माहूतकाका म्हणत. ती जितकी बोलकी तितका तो कमी बोलणारा. त्याच्याकडे एकसुळ्या नावाचा नर होता. ओंडका ओढताना त्याचा डावा सुळा मुळाशी तुटला होता. एकसुळ्या कुणात मिसळायचा नाही. शेजारी कुणी आलं की पाठ फिरवायचा, पाण्याची बादली आवडली नाही तर भिरकावून द्यायचा. वर्षातून काही आठवडे त्याला मद चढायचा, तेव्हा कानशिलातून काळपट पाझर गळायचा आणि माहूतकाकासुद्धा त्याला लांबून चारा घालायचा. मावशीला तो पहिल्यापासून आवडत नव्हता. "नरच तो," ती म्हणायची, "त्याच्या डोळ्यात बघा, कुठेतरी पाणी मुरतंय."

सहा वर्षांपूर्वी एका सकाळी माहूतकाकाला फळीवर घालून बाहेर आणलं. मांडीचं हाड मोडलं होतं, बरगड्या आत गेल्या होत्या. तो एकसुळ्याच्या छपराबाहेरच्या फाटकापाशी पडलेला सापडला होता. मद चढायचे दिवस नव्हते, पण कुणी पंचांगही बघितलं नाही आणि कुणाला शंकाही आली नाही. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर मावशीनं विचारलं, "त्यानंच ना?"

"घसरलो," माहूतकाका म्हणाला.

"घसरून माणसाची मांडी मोडेल. छाती पुढून कशी दबेल?"

"घसरलो गं."

तळाचे साहेब चौकशीला आले तेव्हाही तो तेच म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. मावशी साहेबांना बाहेरच्या बाकावर घेऊन गेली. "हे बोलणार नाहीत साहेब. पोटच्या पोरासारखा जपलाय त्याला. मी सांगते, एकसुळ्याच."

साहेबांनाही तेच वाटत होतं. एकसुळ्याला रांगेतून हलवून जुन्या लाकूड-गिरणीच्या मागे, जिथून दुसरा एकही हत्ती दिसत नाही अशा जागी, दुहेरी साखळीनं बांधलं. चारा लांब आकड्यानं पुढे ढकलायचा, पाणी पाइपनं सोडायचं.

माहूतकाका काठी टेकत चालायला लागला, पण हत्तीवर बसणं कायमचं संपलं. त्याला धान्याच्या खोलीवर नेमलं. आणि मावशीच्या लक्षात आलं की हा माणूस रोज दुपारी जेवण झालं की लंगडत गिरणीच्या मागे जातो आणि एकसुळ्यासमोर उलट्या बादलीवर बसून राहतो.

"ज्यानं मोडलं त्याच्याकडे पाहुणचाराला जाता?" ती विचारायची.

"बसतो आपला."

मग तिची उलटतपासणी सुरू व्हायची. "अहो, घसरलात म्हणता, मग खाली ओलं होतं का?"

"असेल ओलं."

"त्या आठवड्यात आभाळातून थेंब पडला नव्हता."

"मग शेवाळ असेल."

"पाणी नाही आणि शेवाळ आहे!"

तो भांडी धुवायला घ्यायचा. मावशीचा संशय दर वेळी आणखी घट्ट व्हायचा. नवरा खोटं बोलतोय याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती, आणि तिथे तिचं चुकतही नव्हतं.

अशी सहा वर्षं गेली आणि तळावर एक अभ्यास करणारी मुलगी आली. हडकुळी, डोक्यावर टोपी, पाठीवर मोठी पिशवी. हत्तींचे स्वभाव कसे असतात, नर आणि माद्यांच्या स्वभावात फरक असतो का, हे तिला पाहायचं होतं. त्यासाठी ती तळातळांवर फिरत होती. हत्तींची ज्यांना रोजची ओळख आहे अशांना ती प्रश्न विचारायची. एका हत्तीबद्दल दोघांना, आणि दोघांना वेगवेगळं बसवून.

"वेगवेगळं कशाला?" मावशीनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"एकाचं ऐकून दुसऱ्यानं मान डोलवू नये म्हणून, मावशी."

हे उत्तर मावशीला मनातून पटलं, म्हणून तर ती जास्तच सावध झाली. इतकं पटणारं बोलणारं माणूस काहीतरी घेऊन जायलाच आलेलं असतं. तिनं मनाशी पक्कं केलं की ही पोरगी गरीब हत्ती कुठले आणि द्वाड कुठले हे बघून चांगले चांगले दुसरीकडे न्यायला आली आहे. सोबतीण तर पहिल्यांदा जाणार.

त्यामुळे काहिलीशेजारच्या स्टुलावर बसून मुलीनं सोबतीणीबद्दल विचारायला सुरुवात केली तेव्हा मावशीची उत्तरं मोजूनमापून आली.

"इतर हत्तींमध्ये मिसळते?"

"बरी मिसळते."

"माहुताचं ऐकते?"

"मनात आलं तर."

"मावशी, मी नदीवर पाहिलं, ती तर एका हाकेला आली."

"मग मला कशाला विचारतेस?"

मुलगी हसली आणि एकसुळ्याकडे वळली. इथे मात्र मावशीनं हात आखडता घेतला नाही. रागीट आहे? आहे. किती? तुझ्या कागदावर जागा असेल तेवढा. माणसावर धावून जातो? माझ्या नवऱ्याचा पाय बघ जा. मुलीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "इतर तळांवरही साधारण असंच दिसतंय. नर जरा जास्त आक्रमक, माद्या जास्त मिळूनमिसळून राहणाऱ्या. कामात लक्ष देण्यात मात्र दोघं सारखेच."

"मग मी काय वेगळं सांगितलं?"

"वेगळं नाही. पण हे सगळ्यांचं मिळून झालं. एखादी हत्तीण एखाद्या नरापेक्षा तापटही निघते. म्हणून तर एकेकाचं विचारत फिरावं लागतं." जाता जाता ती दारात थांबली. "मावशी, तो एकसुळ्या दिवसभर मान झुलवत असतो, या बाजूनं त्या बाजूला. कधीपासून?"

"मला काय माहीत. मी तिकडे फिरकत नाही."

दुसऱ्या दिवशी माहूतकाकाची पाळी होती. मुलीनं त्याला धान्याच्या खोलीत बसवलं. ती खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये पत्र्याचा एक आडोसा होता आणि त्याला तळाशी चांगलं हातभर भोक होतं. मावशी पळी काहिलीत उभी ठेवून भोकापाशी पोत्यावर जाऊन बसली. परक्या माणसासमोर नवरा खोटं कसं बोलतो ते एकदा आपल्या कानांनी ऐकायचं होतं तिला.

"एकसुळ्या रागीट आहे का, काका?"

"मदात असला की हो. एरवी आपल्या नादात असतो. कुणी लुडबुड केलेली खपत नाही त्याला."

"त्यानं कुणाला इजा केलीय?"

"नाही."

मावशीनं पोत्यावर मूठ आपटली. तोंडावर नाही म्हणतो!

मग सोबतीणीचे प्रश्न आले. प्रेमळ आहे का? फार. एकटी राहू शकते का? नाही राहू शकत. दुसऱ्यांची काळजी घेते का? थोरली नावाची आंधळी होत चाललेली म्हातारी हत्तीण होती, तिला ही सोंडेनं धरून पाण्यावर न्यायची. मावशी ऐकत होती आणि नवऱ्यावर चिडत होती, कारण तो सोबतीणीचा सगळा चांगुलपणा त्या मुलीच्या पदरात टाकत होता.

"माणसावर कधी धावून गेलीय?"

काठी जमिनीवर फिरवल्याचा आवाज आला.

"काका?"

"गेलीय. एकदा."

"कुणावर?"

"माझ्यावर."

मावशी पोत्यावरून उठली, परत बसली. पलीकडे मुलगी हळू आवाजात आणखी काही विचारत होती, पण ते मावशीच्या कानात शिरलं नाही. धान्य करपल्याचा वास सगळ्या तळावर गेला तेव्हा कुणीतरी धावत आलं. इतक्या वर्षांत तिच्या हातून काहिली करपली नव्हती.

मुलगी गेल्यावर ती धान्याच्या खोलीत गेली. माहूतकाकानं तिचा चेहरा बघितला, मग आडोशाकडे बघितलं.

"ऐकलंस."

"आज त्या पोरीशी खोटं बोललात की सहा वर्षं माझ्याशी?"

"बस आधी."

ती बसली नाही. तो सांगायला लागला. थोरलीला त्या सकाळी दुसऱ्या तळावर हलवायचं ठरलं होतं. सोबतीणीला ते दिसू नये म्हणून त्यानं तिला एकसुळ्याच्या छपराकडे नेऊन ठेवलं आणि फाटक लावलं. पण रस्त्यावर ट्रक अडला, ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, आणि भोंग्याला घाबरून थोरली किंचाळली. सोबतीण फाटकाकडे निघाली. तो आडवा झाला, कारण तो आडवा झाला की ती थांबायची.

"त्या दिवशी नाही थांबली. कपाळानं मला फाटकाच्या खांबावर दाबलं. तिला मी दिसतच नव्हतो गं. ट्रक लांब गेला तशी मागे झाली. मग सोंडेनं मला चाचपत बसली, तोंडापासून पायापर्यंत. माणसं यायच्या आत मीच तिला हाकेनं आत पिटाळली."

"आणि एकसुळ्या?"

"आत बांधलेला होता, ऊस खात होता. मान वर करून बघितलं, परत खायला लागला."

"मग माझ्याशी का खोटं बोललात?"

"मी घसरलो म्हणालो. एकसुळ्याचं नाव तू घेतलंस."

"आणि तुम्ही घेऊ दिलंत."

"दिलं." त्यानं काठी मांडीवर आडवी घेतली. "खरं सांगितलं असतं तर सोबतीणीला गिरणीमागे बांधली असती. एकटी. ती महिनाभरही जगली नसती, आणि तू... ते जाऊ दे. मला वाटलं, एकसुळ्या नर आहे. नर एकटेच हिंडतात, त्याला सोसेल. पण वर्ष व्हायच्या आत मान झुलवायला लागला. मी समोर जाऊन बसलो की थोडा वेळ थांबतो. म्हणून जातो."

आता कुणालाही वाटेल की हे ऐकून मावशी विरघळली असेल. तसं काही झालं नाही. ज्या माणसानं सहा वर्षं शेवाळ सांगितलं त्याच्या आजच्या गोष्टीवर तरी विश्वास का ठेवायचा? दुसऱ्या दिवशी ती काम आटोपून बाजाराच्या रस्त्याला लागली आणि त्या ट्रकच्या ड्रायव्हरला त्याच्या गॅरेजात गाठलं. तो चाकाखाली पालथा पडला होता.

"थोरलीला नेलीस त्या दिवशी भोंगा वाजवला होतास?"

"मावशी, इतक्या वर्षांपूर्वीचा भोंगा कोण लक्षात ठेवतं?"

"तू ठेवशील. आठव."

तो चाकाखालून बाहेर आला आणि हात पुसत विचार करू लागला. "वाजवला होता. रस्त्यात गाढवं बसली होती. ती म्हातारी मागे अशी ओरडली की माझ्या हातातलं स्टिअरिंग सुटलं. का, काय झालं?"

"काही नाही," मावशी म्हणाली. परत येऊन ती त्या फाटकाच्या खांबापाशी गेली. खांब अजून किंचित बाहेर कललेला होता. तेव्हा आत बांधलेल्या एकसुळ्याची साखळी तिथवर पोचली असती का, हे तिनं जुन्या खुंट्यापासून स्वतः दोरी धरून बघितलं. पोचत नव्हती. हे तिला पहिल्याच दिवशी बघता आलं असतं. सगळ्या जगाच्या पोत्यात हात घालून बघणाऱ्या बाईनं हे एक पोतं कधी उघडलंच नव्हतं.

मग ती गिरणीच्या मागे गेली. एकसुळ्या उभा होता आणि मान झुलवत होता, आणि पुढच्या पायांखालची जमीन घासून घासून घमेल्यासारखी खोल झाली होती. मावशीकडे त्यानं बघितलंही नाही. ती उलट्या बादलीवर बसली. तो थांबला नाही. माहूतकाकासाठी थांबायचा, हिच्यासाठी कशाला थांबेल?

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिचं बोलणं ऐकून चष्मा काढला. "मावशी, तुम्ही म्हणालात म्हणून बांधला. आता तुम्हीच म्हणता सोडा."

"तेव्हा मी बघितलं नव्हतं, तरी बोलले. आता बघून आलेय. चला, दोरी घेऊन दाखवते."

"आणि सोबतीणीचं काय करू? माणूस अधू केलाय तिनं."

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं. आदल्या दिवशी घरी जाताना तिच्या मनात हेही येऊन गेलं होतं की गप्प बसावं, नवऱ्यासारखंच. सहा वर्षं गेलीच आहेत. पण ती साहेबांच्या टेबलाची कड धरून उभी राहिली आणि म्हणाली, "तिला एकटं पाडलं म्हणून झालं ते. एकटं पाडू नका. बांधणार असाल तर हत्तींच्या डॉक्टरांना विचारून बांधा. माझ्यासारखीचं ऐकून नको."

डॉक्टर आले, ती अभ्यासवाली मुलगीही बसली, आणि शेवटी ठरलं ते असं. सोबतीणीपासून तिच्या सोबतचा कुठलाही हत्ती हलवायचा असेल तर तिच्यासमोर एकट्या माणसानं उभं राहायचं नाही. एवढंच. एकसुळ्याला मदाचे आठवडे सोडून नदीकडच्या छपरात आणायचं, तिथून इतर हत्ती दिसतील, पण शेजार नको असेल तर पाठ फिरवायलाही जागा असेल. साखळी एकेरी. मावशी महिनाभर रोज सकाळी जाऊन साखळी एकेरीच आहे ना, हे बघून यायची. साहेबांच्या शब्दावर तिचा भरवसा नव्हता असं नाही, पण डोळ्यांवर जास्त होता.

घरात मात्र वेगळंच चाललं होतं. मावशीनं नवऱ्याला काही विचारायचंच बंद केलं. कुठे गेलात नाही, काय खाल्लंत नाही, उशीर का झाला नाही. ताट वाढायची आणि पाठ करून बसायची. त्या घरात याहून भीतीदायक काही घडलं नव्हतं. चारपाच दिवस माहूतकाकानं कळ काढली. मग एका संध्याकाळी न विचारताच म्हणाला, "आज दुपारी दोनदा चहा घेतला. साखरेचा, तू बंद केलेला."

मावशी तांदूळ निवडत राहिली.

"परवाही घेतला होता."

"किती दिवस चाललंय?" तिनं पाठ न वळवता विचारलं.

"बरेच."

"मला माहीत होतं," ती म्हणाली, आणि त्या रात्री जेवताना तिनं त्याला गेल्या महिन्याचा सगळा हिशेब विचारला, एक चहा न सोडता. त्यानंही सांगितला.

सोबतीणीच्या बाबतीत जास्त वेळ लागला. मावशी गोळा तोंडात घालायला गेली की हात आपोआप आखडायचा. मग ती गोळा जमिनीवर ठेवून मागे सरायची. सोबतीण तोंड उघडून तशीच उभी राहायची, जमिनीवरच्या गोळ्याकडे बघायची नाही, सोंड पुढे करून मावशीचा खांदा हुंगायची. मावशी खांदा काढून घ्यायची. एकदा तिला इतका राग आला की ती भर रांगेत ओरडली, "दिसला नाही म्हणे! माझा माणूस दिसला नाही तुला?" सोबतीणीनं कान पुढे केले आणि नेहमीसारखं गुरगुरून दाखवलं. मावशी पुढे हळूहळू पुन्हा तिच्या तोंडात घास घालायला लागली, पण एक पाय मागे ठेवून. तो पाय तिनं शेवटपर्यंत पुढे आणला नाही.

एकसुळ्याचे गोळेही ती स्वतः न्यायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्यानं गोळा सोंडेत घेतला, उलटसुलट हुंगला, आणि सरळ मावशीच्या अंगावर भिरकावला. कपाळापासून पायापर्यंत गूळ ओघळला. माहूतकाका मागून काठी टेकत धावला. "लागलं का गं?"

"लागायला काय झालं," मावशी तोंड पुसत म्हणाली, आणि एकसुळ्याकडे वळून तिनं त्याला वाट्टेल ते ऐकवलं. मग बोट चाटलं, जरा थांबली, पुन्हा चाटलं.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "यात मीठ कमी पडलंय. हा खोटं नाही सांगत."

तिनं टोपली उचलली आणि मीठ घालायला परत स्वयंपाकघराकडे निघाली.